हार्पवादकाची वाट

पियानोवादकाला वारशात अमाप रचना मिळतात. हार्पवादकाला त्या बहुधा मागून घ्याव्या लागतात. हार्पला ४७ तारा, ७ पेडल. एक पेडल दाबलं की एका स्वराच्या सगळ्या तारा अर्ध्या स्वराने चढतात, त्यामुळे पियानोचं संगीत जसंच्या तसं उचलता येत नाही. म्हणूनच हार्पवादक एडना फिलिप्स यांनी संगीतकार जिनास्तेरांकडून हार्प कॉन्चेर्तो लिहून घेतला आणि १९६५मध्ये हार्पवादक निकानोर साबालेतांनी तो प्रथम वाजवला. संगीतकार ब्रिटन यांनी हार्पवादक ओशियन एलिससाठी १९६९मध्ये स्वीट लिहिला. रचना अशा मागत फिरण्यापेक्षा ऑर्केस्ट्रातली नोकरी बरी, असं कुणी म्हणेल. पण तिथे जागा एक-दोनच, आणि जागा मिळाली तरी मान मिळेलच असं नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये आना लेल्केश वीसहून अधिक वर्षं हार्प वाजवत होत्या. केवळ स्त्री म्हणून नाकारलेलं सभासदत्व त्यांना १९९७मध्ये मिळालं.