पालखीची वाट वाचणारा गणिती

शेतकरी बंधूंनो, पंढरीला पालखी येते ती वाट किती जुनी असेल? गणिताचे प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पायी फिरून याचा माग काढला.

१९०७ साली गोव्यात जन्मलेल्या कोसंबींनी १९२९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डची पदवी घेतली. बनारस, अलीगढ आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलं. १९४६ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ सालचं सूत्र पिकांच्या नव्या जाती शोधणारे शास्त्रज्ञ आजही वापरतात.

हाच माणूस माळरानंही तुडवी. पालखीच्या वाटेवर त्यांना अश्मयुगातली गारेची बारीक, धारदार पाती मिळाली. पावसापाण्याप्रमाणे गुरं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांची ही वाट संतांच्याही आधीची, असं त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात मांडलं. १९६६ साली ते वारले.

तेव्हा सपाटीकरणाला यंत्र लावण्याआधी माळावरच्या गारा एकदा नीट पाहा. काही वेगळं दिसलं तर न हलवता ग्रामपंचायतीत कळवा. पंचायतीनंही त्याची नोंद घ्यावी. माती एकदा उलटली की हा पुरावा पुन्हा हाती लागायचा नाही.