व्हिडिओ बेबी मॉनिटर

व्हिडिओ बेबी मॉनिटर हे पाळण्यातील किंवा अंथरुणावरील बाळाचे चित्र व आवाज दुसऱ्या ठिकाणी पोहोचवणारे उपकरण होय. स्मार्टफोनशी जोडल्या जाणाऱ्या प्रकारात हे चित्र घरातील वायफाय राउटरमार्गे इंटरनेटवर जाते व पालकांच्या फोनमधील ॲपवर दिसते. पाहणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत असो वा पन्नास किलोमीटर दूर, चित्र सारखेच दिसते. बाळापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ मात्र सारखा नसतो. या उपकरणाच्या वापराविषयीचे बहुतेक प्रश्न त्या अंतरातून निर्माण होतात.

इतिहास

या प्रकारचे पहिले प्रसिद्ध उपकरण म्हणजे अमेरिकेतील झेनिथ कंपनीचे ‘रेडिओ नर्स’. 1932 साली वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे अपहरण व खून झाल्याने धास्तावलेल्या काळात कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांनी त्याची कल्पना मांडली. त्याच्या बेकेलाइटच्या ग्राहकयंत्राला शिल्पकार इसामु नोगुची यांनी 1937 मध्ये आकार दिला. त्यातून केवळ आवाज ऐकू येई आणि तो घरातील विजेच्या तारांमधूनच वाहून नेला जाई. पुढे रेडिओलहरींवर चालणारे बिनतारी संच आले, त्यानंतर छोट्या पडद्याचे संच आले. या सर्वांत पाहणारा वा ऐकणारा घरात किंवा अंगणात असणे गृहीत होते. इंटरनेटमुळे हे गृहीतक बदलले.

कार्यपद्धती

कॅमेरा अंधारात अवरक्त किरणांचे दिवे वापरतो, म्हणून रात्रीचे चित्र कृष्णधवल दिसते. चित्र संकुचित करून राउटरकडे व तेथून बहुधा उत्पादक कंपनीच्या सर्व्हरच्या साहाय्याने फोनकडे पाठवले जाते. त्यात थोडा विलंब होतोच. बाळ रडू लागल्यास किंवा हालचाल झाल्यास ॲप सूचना देते. बहुतेक संचांत फोनवरून बोललेले बाळाच्या खोलीत ऐकू जाण्याची सोयही असते.

सेकंदाला 1.5 मेगाबिट या दराने चित्र पाहिल्यास ताशी सुमारे 675 मेगाबाइट डेटा खर्च होतो. रोज 2 जीबी डेटा मिळणाऱ्या मोबाइल योजनेत तीन तासही पुरे होत नाहीत. सतत पाहण्याऐवजी सूचना आल्यावर पाहणे यामुळेच सोयीचे ठरते.

वाणगाव परिसरातील घरगुती वापर

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील वाणगाव हे पश्चिम रेल्वेवर बोईसर व डहाणू रोड यांच्या मधले स्थानक आहे. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. दक्षिणेस तारापूरचे औद्योगिक क्षेत्र व अणुवीज केंद्र आहे. विरार-मुंबईकडे किंवा कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आईवडिलांचे बाळ दिवसभर आजीकडे वा शेजारणीकडे असते, अशा घराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. परंतु लहान आस्थापनांत काम करणाऱ्या आईला त्या पाळणाघराचा आधार नसतो.

परदेशी माहितीपत्रकांत बाळ स्वतंत्र खोलीत झोपते असे धरलेले असते. आपल्याकडे ते रात्री आईजवळच असते, त्यामुळे कॅमेऱ्याचा खरा उपयोग दिवसा होतो. घरातील परिस्थितीमुळे काही अडचणीही येतात. मच्छरदाणीवर अवरक्त प्रकाश परावर्तित होऊन अंधारातील चित्र पांढरे पडते. कॅमेरा जाळीच्या बाहेर दूर ठेवण्यापेक्षा खोलीत मंद दिवा लावून त्याचे अवरक्त दिवे बंद करणे अधिक उपयोगी. झोळी किंवा पाळणा हलताच, पंख्याने पडदा उडताच हालचालीची सूचना येते. दिवसातून चाळीस वेळा खोटी सूचना देणाऱ्या यंत्राकडे एकेचाळिसाव्या वेळी कोणी पाहत नाही, म्हणून अशा घरात हालचालीऐवजी आवाजाची सूचना ठेवणे बरे.

पावसाळ्यात वीज गेल्यास कॅमेरा व राउटर दोन्ही बंद पडतात. राउटरला छोटा यूपीएस असून भागत नाही, कॅमेऱ्यालाही बॅटरी लागते. याहून फसवी गोष्ट गोठलेल्या चित्राची आहे. लोकलमध्ये सिग्नल क्षीण झाला की काही ॲप शेवटचे चित्र तसेच दाखवत राहतात आणि शांत झोपलेले बाळ व अडकलेले चित्र यांत डोळ्यांना फरक कळत नाही. कोपऱ्यातील घड्याळाचे सेकंद पुढे सरकत आहेत की नाही, हे पाहण्याची सवय म्हणून आवश्यक असते. शंका आल्यास घरी फोन करणे हा जुना उपाय आजही अधिक खात्रीचा आहे.

सुरक्षितता

2011 मध्ये अमेरिकेत कॅमेऱ्याची तार गळ्याभोवती गुंडाळून बालकांचे मृत्यू झाल्यानंतर सुमारे 17 लाख व्हिडिओ मॉनिटर परत मागवण्यात आले. तार पाळण्यापासून किमान 3 फूट, म्हणजे बाळाचा हात पोहोचणार नाही इतकी दूर असावी. झोळीबाबत हे अंतर तिच्या झोक्याच्या टोकापासून मोजावे.

दुसरा धोका इंटरनेटचा. 2013 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एका अनोळखी व्यक्तीने मॉनिटरमध्ये शिरकाव करून लहान मुलीच्या खोलीत शिवीगाळ केली होती. 2016 च्या ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. मूळ पासवर्ड बदलणे, दुहेरी पडताळणी सुरू करणे व सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे एवढ्याने असे बरेच हल्ले टळतात. वापरलेला कॅमेरा विकत घेताना तो आधीच्या मालकाच्या खात्यातून काढला आहे ना, हे पाहावे.

वैद्यकीय मर्यादा

झोपेतील आकस्मिक बालमृत्यू टाळण्याचा उपाय म्हणून घरगुती हृदय-श्वसन मॉनिटर वापरू नयेत, अशी अमेरिकन बालरोग अकादमीची 2022 ची शिफारस आहे. पाठीवर झोपवणे, टणक व सपाट बिछाना, जवळ उशा-गोधड्या नसणे यांवर तिचा भर आहे. आपल्या अनेक घरांत बाळाभोवती मऊ दुपट्यांचा गराडा असतो. कॅमेरा तो दाखवतो, दूर करण्यास माणूसच लागतो.

खासगीपणा व कायदा

कॅमेऱ्यासमोर बाळासोबत आजी, शेजारीण, कामवाली बाई आणि स्तनपान देणारी आईही येते. त्यांना कॅमेरा कधी चालू असतो, चित्रण साठवले जाते का आणि ते कोण पाहते, हे आधी सांगणे योग्य. आजी नातवाला सांभाळते तेव्हा तिच्यावर पहारा ठेवल्याची भावना घरात तेढ निर्माण करू शकते. कॅमेरा बंद करण्याची मुभा तिला असावी.

2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. माहिती हाताळणाऱ्या कंपनीला मात्र 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी लागेल, अशी तरतूद त्यात आहे. कोणाच्याही खासगी अंगाचे चित्र संमतीविना टिपणे वा प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66-ई नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदवता येते; खात्यात घुसखोरी झाल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.