लघुप्रबंध, भाषावैज्ञानिक
लघुप्रबंध, भाषावैज्ञानिक : पदवी अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली एखाद्या मर्यादित भाषिक प्रश्नाचा स्वतंत्रपणे शोध घेऊन केलेले लेखन. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत अशा लेखनाची परंपरा आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्यांना चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचे संशोधन करून ‘संशोधनासह सन्मान’ पदवी घेता येते.

विद्यार्थिदशेतील असे लेखन पुढील कार्याचा पाया ठरू शकते. नोम चॉम्स्की यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आधुनिक हिब्रूच्या रूपस्वनिमविचारावर १९४९ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिला व त्याचेच सुधारित रूप १९५१ मध्ये एम्.ए. साठी सादर केले.

विषयनिवड : ‘मराठीच्या बोली’ हा विषय लघुप्रबंधाच्या आवाक्याबाहेरचा होय. याउलट, एका गावातील दोन पिढ्यांच्या बोलण्यात ‘ण’ आणि ‘न’ यांचा वापर कसा होतो, हा प्रश्न काही महिन्यांत तपासता येतो. पूर्वीच्या नोंदी पाहिल्याशिवाय मात्र बदलासंबंधी विधान करता येत नाही. मराठीपुरते पाहता ग्रीअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) आणि अ. मा. घाटगे यांची १९६३ पासून प्रसिद्ध झालेली बोली-सर्वेक्षणमाला ही साधने तुलनेस उपयोगी पडतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना परस्परांजवळ कशी आली, हे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखविले. एका गावाच्या अभ्यासातूनही व्यापक सिद्धांताला आधार मिळतो, हे त्यावरून दिसते.

सामग्रीसंकलन : निवेदकाची संमती घेऊनच ध्वनिमुद्रण करावे लागते व लेखनात त्याचे नाव गुप्त ठेवले जाते. मुद्रित बोलणे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवितात. येथे मुख्य अडचण निरीक्षणाचीच असते. लोक सहज कसे बोलतात ते जाणून घ्यायचे असते; परंतु समोर शिकलेला पाहुणा व ध्वनिमुद्रक दिसताच ते सावध होतात. विल्यम लबॉव्ह यांनी याला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले आहे. घरी ‘पानी’ म्हणणारी व्यक्ती अशा वेळी आवर्जून ‘पाणी’ म्हणते. म्हणून थेट प्रश्नांऐवजी आठवणी व अनुभव सांगावयास लावणे अधिक उपयुक्त ठरते.

मांडणी : प्रश्न, पूर्वाभ्यास, पद्धती, सामग्री, विश्लेषण व निष्कर्ष असा क्रम सामान्यतः असतो. गृहीतकाच्या विरोधी जाणारी उदाहरणे गाळणे हा त्यातील सर्वांत गंभीर दोष होय. ‘आढळले नाही’ हाही योग्य निष्कर्ष असतो. मोजक्या निवेदकांवरून साऱ्या समाजाविषयी विधान करणेही अयोग्य ठरते.

महत्त्व : ‘आमची भाषा अशुद्ध आहे’ असे निवेदक स्वतःच पुष्कळदा सांगतात. शाळेत तसे ऐकल्यामुळे आपल्या बोलीविषयी त्यांच्या मनात संकोच रुजलेला असतो. जी बोली प्रमाण ‘ण’च्या जागी सर्वत्र ‘न’ योजते, तिच्यात चूक नसून वेगळा नियम असतो. तो नियम पुराव्यानिशी मांडणे हे लघुप्रबंधाचे कार्य होय. त्यातून विद्यार्थ्याला संशोधनाची शिस्त लाभते आणि ज्या बोलीविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, तिची विश्वसनीय नोंद मागे राहते.