अलास्काचा रस्ता कोणी बांधला?

कोणताही रस्ता पाहिला की तो कोणी बांधला असे विचारण्याची आम्हांला जुनी खोड आहे. वयाच्या सतराव्या वर्षी आम्ही एका घाटरस्त्यावर खडी फोडीत होतो. एके दिवशी दरड कोसळली आणि आमच्या टोळीतला एक गडी जागच्या जागी गेला. पुढे रस्ता पुरा झाला, समारंभ झाला, कोनशिला बसली. तिच्यावर फीत कापणाऱ्याचे नाव कोरले गेले. त्या गड्याचे नाव कोठेच लागले नाही. आमची शाळा त्यापूर्वीच सुटली होती. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत. पण शिकण्याची इच्छा प्रथम त्या कोनशिलेपुढे झाली.

आमचा पुतण्या कॅनडात एडमंटनला मालमोटार चालवतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांनी अलास्का हायवेचा प्रवास केला. कॅनडातील डॉसन क्रीक या गावी शून्य मैलाचा खांब आहे. तेथे हा रस्ता सुरू होतो आणि अमेरिकेच्या अलास्का प्रांतातील डेल्टा जंक्शन येथे संपतो. तो बांधला तेव्हा १,४२२ मैलांचा होता. वळणे सरळ करीत गेल्याने आज तो सुमारे १,३९० मैलांचा उरला आहे. जुन्या मैलांचे आकडे मात्र लोकांनी सोडले नाहीत. वाटेवरची ठिकाणे अद्याप त्याच आकड्यांनी ओळखली जातात.

या रस्त्याची सृष्टिशोभा अपूर्व आहे यात शंका नाही. फोर्ट नेल्सन सोडल्यावर डोंगर जवळ येतात. समिट लेकपाशी रस्ता ४,२५० फुटांवर चढतो. याहून उंच जागा या संपूर्ण मार्गावर नाही. पुढे मंचो लेकचे हिरवे-निळे पाणी लागते. तेथे रानमेंढ्या रस्त्याच्या कडेची खारट माती चाटीत निवांत उभ्या होत्या. लिआर्ड नदीच्या बाजूस रानबैलांचा, म्हणजे बायसनांचा, कळप चरत होता. एके ठिकाणी आम्ही कौतुकाने काच खाली केली, तोच पुतण्या म्हणाला, "काका, काच वर घ्या. अस्वल आहे." पंधरा हातांवर एक काळे अस्वल गवत खात होते, आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

ही जनावरे रस्त्याच्या कडेलाच का दिसतात? दाट अरण्यात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही. रस्त्यासाठी झाडे तोडली, की मोकळ्या पट्ट्यात ऊन पडते आणि कोवळे गवत माजते. म्हणजे त्या अस्वलाचे ताटही एका अर्थी मजुरानेच वाढलेले आहे. मुक्कामाच्या जागी मात्र नियम कडक. तंबूत अन्नाचा कणही ठेवायचा नाही; सारा शिधा मोटारीत किंवा लोखंडी पेटीत. ज्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागते, त्याचे भय मोडते आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते.

लिआर्डला गरम पाण्याचे कुंड आहे. दलदलीवर घातलेल्या फळ्यांच्या वाटेने तेथे जावे लागते. अशी पहिली वाट १९४२ साली सैनिकांनी घातली. त्या पाण्यात अंग शेकताना आमची जुनी खोड जागी झाली. हे सैनिक कोण होते?

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काला खुष्कीचा एकही मार्ग नव्हता, म्हणून मार्च १९४२ मध्ये काम सुरू झाले. दहा हजारांवर सैनिक लावले गेले आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णी होते. त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. पंचाण्णवाव्या पलटणीतील काळे सैनिक कामावर आले तेव्हा अवजड यंत्रे बहुतांशी गोऱ्या पलटणीकडे गेली आणि यांच्या हाती करवती, कुऱ्हाडी व फावडी राहिली. त्याच हत्यारांनी त्यांनी सिकॅनी चीफ नदीवरचा लाकडी पूल चार दिवसांच्या आत उभा केला. या कामावर त्यांनी आपल्या पगाराची पैज लावली होती, असे सांगतात. १४ मे १९४२ रोजी चार्ली लेक ओलांडताना तराफा बुडून बारा सैनिक मरण पावले. ही किंमतही त्या मैलांत धरली पाहिजे.

काम अवघड का होते, तेही सांगितले पाहिजे. उत्तरेकडे जमीन खाली बारमाही गोठलेली असते आणि तिच्यावर शेवाळाची जाड गोधडी असते. यंत्रांनी ती गोधडी ओढून काढताच उन्हाने खालचे बर्फ वितळले आणि रस्त्याचा चिखल झाला. यंत्रे रुतून बसली. तेव्हा उमगले, की गोधडी काढायची नाही. तिच्यावरच ओंडके आडवे अंथरायचे व वर मुरूम टाकायचा. आजही क्लुआने सरोवराच्या पुढे बीव्हर क्रीकपर्यंत रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, त्याचे कारण हेच. हवा तापत चालली आहे, तसतशी ही दुरुस्ती वाढतच जाणार.

क्लुआनेच्या काठी आमचा मुक्काम झाला. रात्री दहालाही उजेड होता आणि समोरच्या कड्यावर पांढऱ्या डॉल मेंढ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. या भूमीच्या आदिवासींनी रस्त्याच्या मोजणीदारांना वाटा दाखवल्या. बदल्यात रस्त्याबरोबर गोवर आणि इन्फ्लुएन्झा त्यांच्या वस्त्यांत शिरले. १९४३ मध्ये येथे अभयारण्य जाहीर झाले आणि जे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगले, त्यांनाच तेथे शिकारीची बंदी झाली. खंडाळ्याच्या घाटातील शिंग्रोबाची कथा आपण जाणताच. वाट दाखवणाऱ्या त्या धनगराला इंग्रजाने गोळी घातली अशी आख्यायिका आहे. आपल्या मोटारवाल्यांनी निदान त्याचे देऊळ तरी राखले.

२५ ऑक्टोबर १९४२ रोजी बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंनी येणारी यंत्रे समोरासमोर भेटली. एकावर कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स हा काळा सैनिक, दुसऱ्यावर आल्फ्रेड जालुफ्का हा गोरा. दोघांनी हात मिळवले. सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा हुकूम अध्यक्ष ट्रूमन यांनी काढला तो १९४८ मध्ये. म्हणजे कायद्याला जे सुचायला सहा वर्षे लागली, ते रस्त्याच्या कामाने एका दुपारी करून दाखवले. तेवढ्याने अन्याय मिटला असे आम्ही म्हणत नाही. एका कामावरचे घामाचे नाते कातडीच्या रंगाहून जवळचे असते, एवढेच आम्ही संघटनेत तीस वर्षे सांगत आलो, आणि तेथे ते पाहिले.

डेल्टा जंक्शनच्या अलीकडे गर्स्टल नदीवर लांब लोखंडी पूल आहे. १९९३ मध्ये त्याला 'ब्लॅक व्हेटरन्स मेमोरियल ब्रिज' असे नाव दिले गेले. पुतण्याने गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो आणि ती पाटी दोनदा वाचली. पन्नास वर्षे उशिरा का होईना, पण येथे पाटी लागली होती.

आमच्या घाटातील त्या गड्याची पाटी अजून लागायची आहे. परत आल्यावर आम्ही त्यासाठी अर्ज केला आहे. श्रोत्यांना एवढीच विनंती, की पुढच्या प्रवासात देखावा जरूर पाहावा. पण एखाद्या वळणावर उतरून रस्ता कोणी बांधला, हेही विचारावे.