नीतीचा आधार : निसर्ग की मानवी विवेक?

नीतीचा उगम निसर्गात आहे की मानवी विवेकात, हा नीतिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. 'आहे' या स्वरूपाच्या विधानांतून 'असावे' हे विधान केवळ तर्काने निष्पन्न होत नाही, याकडे डेव्हिड ह्यूम याने 'अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' (१७३९-४०) या ग्रंथात लक्ष वेधले.

या भेदाचे महत्त्व भारतातील १८९१ च्या संमतिवय कायद्याच्या वादातून स्पष्ट होते. या कायद्याने मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले. प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान हे धर्मकर्तव्य असून कायदा त्यात बाधा आणतो, असा विरोधकांचा एक प्रमुख आक्षेप होता. ऋतुदर्शन ही निसर्गातील घटना खरी; परंतु तिलाच पतीच्या अधिकाराचा आरंभ मानणे, हा मनुष्याने केलेला निर्णय होता.

तथापि, निसर्ग नीतीच्या दृष्टीने अप्रस्तुत ठरत नाही. फूलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूसंबंधी १८९० मध्ये कलकत्त्यात चाललेल्या खटल्याने पतीच्या शरीरसंबंधाचा कोवळ्या देहावर होणारा घातक परिणाम उघड केला. हीदेखील निसर्गाचीच साक्ष होती. ती प्रमाण मानून बालिकेचे हित रूढीहून श्रेष्ठ ठरविले, ते मात्र मानवी विवेकाने.

सारांश, निसर्ग तथ्ये पुरवितो. त्यांचे नैतिक मूल्य मनुष्य ठरवितो. म्हणूनच एखादी प्रथा 'नैसर्गिक' आहे, एवढे सांगून तिच्या समर्थनाची जबाबदारी टाळता येत नाही.