डॉक्टरांची जबाबदारी

पाटस हे दौंड तालुक्यातील मोठे गाव. पुणे-सोलापूर महामार्ग या गावाजवळून जातो. ऊसतोडणीच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या या रस्त्याने सावकाश चालतात आणि त्यांच्या शेजारून ट्रक व मोटारी भरधाव जातात. अशा रस्त्यावर अपघात झाला व जखमी माणसाला जवळच्या दवाखान्यात नेले, तर "आधी पोलिसांना बोलवा, मग बघू" असे डॉक्टर म्हणू शकतात काय?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. तसे म्हणता येत नाही. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली होती. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले; पण ही पोलीस केस आहे, असे सांगून तेथून त्याला सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवण्यात आले. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. ही हकिगत पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. 1989 साली न्यायालयाने सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे. पोलिसांचे कागद नंतर. जखमीला उचलून आणणारेही पूर्वी घाबरत असत. 2019 साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळाले.

दवाखाना, इलाज, कायदा, वकील हे शब्द तुम्हांला परके नाहीत. ते उर्दूत आहेत, तसे मराठीतही आहेत. गफलत हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. पण मराठीत तो बहुधा गोंधळ किंवा चूक या अर्थाने वापरतात. कर्तव्यात काळजी न घेणे याला मराठीत निष्काळजीपणा किंवा हलगर्जीपणा म्हणतात. डॉक्टरांचा निष्काळजीपणा कशाला म्हणावे, हे ठरवणारा भारतातील एक फार महत्त्वाचा खटला पुणे जिल्ह्यातलाच आहे. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने तो ओळखला जातो. आजही वकील त्याचा दाखला देतात.

मे 1953 मधील गोष्ट. सुमारे वीस वर्षांचा एक तरुण कोकणात गुहागरजवळ पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर होता. 6 मे रोजी अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी तात्पुरता इलाज केला. मग सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. त्या काळचे घाटरस्ते आणि मोडलेले हाड यांचा विचार केला, म्हणजे त्या मुलाचे किती हाल झाले असतील हे समजते. 9 मे रोजी पुण्यातील एका शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात त्याच्या पायाला प्लास्टर घालण्यात आले. मुलगा संध्याकाळी सात वाजेपर्यंत गुंगीतून बाहेर येईल, असे घरच्यांना सांगण्यात आले. तेव्हा वडील दौंडला निघून गेले. ते स्वतः डॉक्टर होते. आई मुलाजवळ थांबली. साडेसहाच्या सुमारास त्याला श्वास घ्यायला त्रास होत असल्याचे तिच्या लक्षात आले. धावपळ झाली, उपचार झाले. पण रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

आईवडिलांनी न्यायालयात दावा केला. मुलाला पूर्ण भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, तीन मदतनिसांकरवी जोराने पाय ओढून हाड बसवले व त्या धक्क्याने तो दगावला, असे त्यांचे म्हणणे होते. शल्यचिकित्सकांनी ते नाकारले. आपण फक्त हलका ताण देऊन पाय स्थिर केला, असे ते म्हणाले. पुण्याच्या न्यायालयाने आईवडिलांचे म्हणणे खरे मानले व तीन हजार रुपये नुकसानभरपाई दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. शेवटी 1968 साली सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. पंधरा वर्षे गेली होती. तीन हजार रुपये ही रक्कम तेव्हाही पोटच्या मुलाच्या मानाने काहीच नव्हती. पण या निकालातून जे मिळाले, ते साऱ्या देशाच्या उपयोगी पडले.

न्यायालयाने म्हटले, की रोग्याने सल्ला विचारला की डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजी घेण्याचे बंधन येते. हा रोगी आपण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना. कोणता उपचार द्यावा हे ठरवताना. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना. या तिन्हींपैकी कोठेही हलगर्जीपणा झाला, तर रोग्याला दाद मागता येते. मात्र डॉक्टरने जगातील सर्वांत मोठे कौशल्य दाखवावे, अशी अपेक्षा नाही. त्याच्या व्यवसायातील जाणता माणूस दाखवील तेवढे ज्ञान व तेवढी काळजी पुरे.

हा दुसरा भाग लोक विसरतात. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असे नाही. काही आजार कोणाच्याच हाती नसतात. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा सिद्ध व्हायला निष्काळजीपणा फार गंभीर असावा लागतो. रागाच्या भरात दवाखान्याची मोडतोड करणे व डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणे याला महाराष्ट्रात 2010 च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग दाद कोठे मागावी? पैसे घेऊन दिलेला उपचार ही ग्राहकाला दिलेली सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ठरवले. त्यामुळे पाटसच्या रोग्याला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करतात. रोग्याची खाजगी माहिती डॉक्टरने विनाकारण उघड केली, तर तीही वर्तनाची चूक होय.

तक्रारीला पुरावा लागतो. 2002 च्या नियमांप्रमाणे रोग्याने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केली, तर डॉक्टरने उपचाराचे कागद 72 तासांत द्यावे लागतात. मागणी लेखी करावी, अर्जावर तारीख घालावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.