सावली तुमची, तोटा माझा

चैत्रात गावी गेलो की बांधावरच्या लिंबाखाली घटकाभर बसायचे, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. कंधारपासून जवळच आमचे गाव. मागे बालाघाटाच्या रांगेचा माळ, खाली मन्याडचे खोरे. नोकरीनिमित्त मी नांदेडात स्थायिक झालो. शेती धाकटा भाऊ पाहतो. यंदा गेलो तर तीन लिंबांपैकी एकच उभा होता. उरलेल्या दोघांचे बुंधे जमिनीलगत कापलेले.

"व्यापाऱ्याला देऊन टाकले, दादा," भाऊ म्हणाला. मी रागावलो. आजोबांनी राखलेली झाडे, मला एका शब्दाने विचारले नाहीस, वगैरे सारे बोलून झाले. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "तुम्ही वर्षातून दोनदा येता, दादा. सावली तुमची, तोटा माझा. वसव्यात सोयाबीन येत नाही."

वसवा म्हणजे झाडाच्या सावलीने आणि मुळांनी आजूबाजूच्या पिकावर होणारा परिणाम. तेवढ्या पट्ट्यातले पीक खुरटते, हे कोणताही शेतकरी सांगेल. मग मला प्रश्न पडला : वसवा तर आजोबांच्या वेळीही होता. मग त्यांनी झाडे का तोडली नाहीत?

उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. आजोबांच्या शेतात ज्वारी होती आणि दावणीला बैल होते, तेही या मातीचे लाल कंधारी. दुपारी औत सोडले की बैलांना सावली लागे. नांगर, वखर, गाडीचे भाग मोडले की सुताराला बाभळीचे लाकूड लागे, म्हणून बाभूळ. शेळ्यांना बाभळीच्या शेंगा, पत्रावळीला पळसाची पाने, बी-बियाण्याच्या कणगीत लिंबाचा पाला. झाड पीक खाई हे खरे, पण बदल्यात घरासाठी काही ना काही देई. आजोबांचा हिशेब जमत होता. वृक्षप्रेमावर ते कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'सव्हाना' हा शब्द वाचला, तेव्हा डोळ्यांपुढे आफ्रिका आली. गवताचा समुद्र, मध्येच एखादे झाड, त्याखाली सिंह. शाळेच्या मागचा माळही त्याच जातीचा, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. पावसाळ्यात कमरेइतके गवत, अधूनमधून हिवर, बोर, पळस, आपटा आणि सिंहाच्या जागी गावचा गुराखी!

गवत आणि झाड एकाच जमिनीवर कसे नांदतात, हा शास्त्रज्ञांचाही जुना प्रश्न आहे. २००५ साली महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील आठशेहून अधिक ठिकाणांची माहिती एकत्र करून दाखवले, की वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपर्यंत पाऊस असेल तर झाडे किती वाढावीत हे मुख्यतः पाणीच ठरवते. त्याहून अधिक पाऊस असेल तर झाडे दाटून येऊ शकतात. तेथे गवत टिकते ते वणवा, चराई यांसारख्या गोष्टींमुळे. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण नांदेड जिल्ह्याचा सरासरी पाऊस त्याहून जास्त आहे. म्हणजे आमच्या माळावर किती झाडे असावीत हे नुसते आभाळ ठरवत नाही. गुरांचे तोंड, विस्तव, कुऱ्हाड आणि नांगर हेही ठरवतात. हे सारे माणसाच्या हातात आहे.

मग हा माळ म्हणजे माणसाने ओरबाडलेले जंगल का? तसा समज सर्रास आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार पश्चिम महाराष्ट्राचे पठार कित्येक शतके असेच गवताळ आणि काटेरी झाडांचे आहे. तो अभ्यास मराठवाड्याचा नव्हे. तरी माळ म्हणजे उजाड झालेले रान हे गृहीत धरण्याआधी थांबायला हवे, एवढे तो नक्की सांगतो.

सरकारी कागदावर मात्र झुडपी माळाची गणना पडीक जमिनीत होते. पडीक म्हटले की ती कामाला लावायची घाई होते. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी असे वृक्षलागवडीचे चढते संकल्प झाले. हेतू चांगला होता. पण माळावर ओळीने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाटीने लावले, तर खालचे गवत जाते आणि गवताबरोबर गुरांचा चाराही जातो. एकीकडे माळावर नको तितकी झाडे लावायची आणि दुसरीकडे बांधावरची हवी ती झाडे जाऊ द्यायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

बांधावरची झाडे जात आहेत हा केवळ माझ्या मनाचा हळवेपणा नाही. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून भारतातील शेतजमिनीवरची झाडे मोजली. २०२४ साली त्यांनी जाहीर केले, की २०१०-११ च्या सुमारास दिसलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे अकरा टक्के २०१८ पर्यंत नाहीशी झाली. २०१८ ते २०२२ या काळात आणखी पन्नास लाखांहून अधिक मोठी झाडे गेली. तेलंगण आणि महाराष्ट्राच्या काही भागांत तर निम्म्यापर्यंत. त्या आकड्यांत आमचे दोन लिंब नाहीत. ते नंतर गेले.

आमच्याकडे काय घडले ते सरळ आहे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, कडबा संपला. कडबा संपला तसे बैल गेले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला वळायला मोकळा बांध हवा. वाटण्या होऊन शेते अरुंद झाली, तसा वसव्याचा पट्टा डोळ्यांत खुपू लागला. इकडे गायरानेही आकसली. त्यात भूमिहीनांनी पोटासाठी कसलेली जमीन आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. ज्याच्या नावावर पिढ्यान्पिढ्या वीतभर जमीन नव्हती, त्याला 'तू गवत मोडलेस' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ज्याचे त्याचे कारण खरे आहे. सगळी खरी कारणे एकत्र आली आणि माळ बोडका झाला.

संध्याकाळी ओसरीवर भावाशी पुन्हा विषय निघाला. तो म्हणाला, "नवं रोप लावायला योजना आहे. खड्ड्याचे पैसे मिळतात. पन्नास वर्षांचं झाड राखलं म्हणून मला कोणी रुपया दिला का?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सावली, पाखरे, थंडावा, जमिनीची धूप थांबणे हे सगळे गावाचे; वसवा मात्र एकट्याचा. आजोबांच्या काळी झाडच आपली भरपाई करी. आता ते करीत नाही, तर कोणी तरी करायला हवी. ग्रामपंचायतीने, शासनाने, आणि त्याआधी सावलीत बसायला येणाऱ्या माझ्यासारख्याने.

म्हणून निघताना मी भावाला म्हटले, "उरलेल्या लिंबाच्या वसव्यात जेवढं सोयाबीन बुडेल, तेवढ्याचे पैसे दर दिवाळीला मी देईन." तो हसला. भावाभावांत असला हिशेब त्याला पटला नाही. पण नाही म्हणाला नाही.

"यंदा ठेवतो," एवढेच म्हणाला. "पुढच्या साली बघू, दादा."